अडगावच्या रानातला पाइपर

२९ नोव्हेंबर १८०३. दुपार कलली होती. अडगाव आणि शिरसोली या दोन गावांमधल्या रानात इंग्रजांची फौज लांबच लांब रांग धरून नागपूरकर भोसल्यांच्या तोफांकडे सरकत होती. त्या रांगेत ७८ वी हायलँडर्स ही स्कॉटलंडची पलटण होती. तिच्यातला एक पाइपर, म्हणजे बॅगपाइप वाजवणारा शिपाई, त्या दिवशी अशा त्वेषाने वाजवत सुटला की त्याच्या सुरावर चालणारे जवान आवरेनात. हुकूम व्हायच्या आधीच ते धावत सुटणार आणि रांग मोडणार, अशी वेळ आली. शेवटी पलटणीचा सेनानी लेफ्टनंट कर्नल अॅडम्स याला ऐन लढाईत त्याला गप्प करावं लागलं.

वाजवणाऱ्याला थांबवायला कर्नल लागावा, असं काय त्याच्या मनात साठलं होतं? उत्तर सदुसष्ट दिवस आधीच्या लढाईत आहे. २३ सप्टेंबरला असईच्या रणांगणावर, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ, हुकूम निघाला होता की वाजंत्र्यांनी वाद्यं ठेवावीत, जखमींना उचलावं आणि मागे शस्त्रवैद्यांपाशी पोचवावं. हुकूम खरा तर बँडवाल्यांसाठी होता. या पाइपरला वाटलं, आपणही त्यातच आलो. त्याने बॅगपाइप बाजूला ठेवला आणि जखमी वाहायला लागला. लढाई सरल्यावर सोबत्यांनी त्याला बोलून बोलून हैराण केलं. बासऱ्या फुंकणारे मागे गेले तर बिघडत नाही, पण पाइपरने? त्याची जागा आगीच्या तोंडाशी. त्याने फुंकणाऱ्यांच्या मागे मागे पिछाडीला जाणं कोणी ऐकलं तरी होतं का? बिचारा खाली मान घालून वावरू लागला. अडगावच्या रानात त्याने तो डाग धुऊन काढायचं ठरवलं होतं.

ही हकिकत डेव्हिड स्ट्युअर्ट ऑफ गार्थ या अधिकाऱ्याने हायलँडर लोकांवरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात नोंदवली. ग्रंथ १८२२ मध्ये छापला गेला. स्ट्युअर्ट स्वतः १८०४ मध्ये याच ७८ व्या पलटणीच्या दुसऱ्या तुकडीत मेजर म्हणून दाखल झाला होता, त्यामुळे पलटणीच्या तोंडी फिरणाऱ्या गोष्टी त्याच्या कानावर असणारच. त्याने कर्नलचं नाव लिहिलं, लढायांची नावं लिहिली. पाइपरचं नाव मात्र लिहिलं नाही. एका माणसाच्या लष्करी कारकिर्दीतले दोनच दिवस आपल्यापर्यंत पोचले आहेत: एक लाजेचा मानला गेलेला, दुसरा मानाचा. मला त्या दोन्ही दिवसांविषयी बोलायचं आहे, आणि लाजेच्या दिवसाविषयी जास्त.

आधी हे लोक एवढ्या दूर आलेच कसे, ते पाहायला हवं.

७८ वी पलटण १७९३ मध्ये उभी राहिली, स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या रॉस-शायर भागात आणि लुईस बेटावर. उभी करणारा फ्रान्सिस हम्बर्स्टन मॅकेन्झी हा सीफोर्थ घराण्याचा प्रमुख. लहानपणी आलेल्या आजाराने तो बहिरा झाला होता. ज्याने आपल्या पाइपरांचा सूर कधी धडपणे ऐकला नसेल, त्या माणसाने ही पलटण उभारली. तिच्या आदल्याच वर्षी, १७९२ मध्ये, रॉस-शायरमधल्या शेतकऱ्यांनी उठाव केला होता. जमीनदार कुळांना हुसकून त्या डोंगरांवर मेंढ्यांचे मोठाले कळप आणून सोडत होते. मेंढपाळीत पैसा होता आणि कुळांत नव्हता. लोकांनी हजारो मेंढ्या गोळा करून दक्षिणेकडे हाकलत नेल्या. सरकारने फौज पाठवून तो उठाव मोडला. हायलँडच्या भाषेत ते साल आजही मेंढ्यांचं साल म्हणूनच ओळखलं जातं. ज्या खोऱ्यांत जमिनीचा भरवसा उरला नव्हता, तिथेच पुढच्या वर्षी भरतीचा ढोल वाजला. घरातला एक पोरगा पलटणीत गेला तर घरामागची जमीन राहील, ही आशा त्या काळच्या हायलँडमधल्या भरतीमागे असायची. हे वाचताना वऱ्हाडी माणसाला फार काही समजावून सांगावं लागत नाही.

हे शिपाई बहुतेक गेलिक बोलणारे होते. इंग्रजी ही त्यांच्या साहेबांची भाषा. १७९४ मध्ये ते युरोपात फ्रेंचांशी लढले, पुढे आफ्रिकेच्या टोकावरच्या केपला गेले आणि १७९७ मध्ये हिंदुस्थानात उतरले. इथून त्यांची पलटण वीस वर्षं परत गेली नाही.

पाइपरची परंपरा मात्र पलटणींहून कितीतरी जुनी. हायलँडच्या प्रत्येक मोठ्या घराण्याचा आपला पाइपर असे, आणि ते पद बापाकडून मुलाकडे जाई. स्काय बेटावरचे मॅकक्रिमन हे मॅक्लाउड घराण्याचे पाइपर सगळ्यांत नावाजलेले. दूरदूरची पोरं त्यांच्याकडे शिकायला जात. शिकवणी कागदावर नव्हती. गुरू ठरावीक अक्षरांचे बोल तोंडाने गाई आणि शिष्याने ते पाठ करून चाँटरवर, म्हणजे भोकांच्या नळीवर, उतरवायचे. मोठ्या रचना पंधरा-वीस मिनिटं चालत: आधी संथ मूळ चाल, मग तिचेच एकावर एक चढत जाणारे विस्तार, शेवटी पुन्हा मूळ चाल. कोणाच्या मृत्यूचा शोक, कोणाचं स्वागत, कुळांना जमवण्याची हाक, असे त्यांचे प्रसंग ठरलेले.

आपल्या लग्नातल्या सनईवाल्यांकडे नीट लक्ष दिलं तर बॅगपाइप चटकन कळतो. एक जण चाल वाजवतो आणि त्याचा साथीदार नुसता सूर धरून बसतो, श्वास न तोडता. बॅगपाइपमध्ये ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे असतात. काखेत कातड्याची पिशवी. तोंडाने फुंकून ती भरायची आणि कोपराने दाबून तिच्यातली हवा सगळ्या नळ्यांत सारखी सोडायची. खांद्यावर उभ्या राहणाऱ्या लांब नळ्या सूर धरतात, त्यांतली सगळ्यांत लांब नळी खर्ज देते. चाल चाँटरवर वाजते, आणि तिच्यात सूर फक्त नऊ. हवा कधी तुटत नाही, म्हणून दोन सारखे सूर एकापाठोपाठ वाजवायचे तर मध्ये बोटांचा निमिषभराचा फटकारा द्यावा लागतो. पाइपरची खरी कसोटी या फटकाऱ्यांत. आवाज हळू-मोठा करायची सोय वाद्यात नाही. ते वाजतं ते पूर्ण जोराने. रणांगणाला असंच वाद्य हवं असतं.

ते लढाईचं हत्यार आहे असं एका न्यायालयानेही एकदा ठरवलं होतं. १७४५ च्या जॅकोबाइट बंडात, म्हणजे लंडनच्या राजाविरुद्धच्या उठावात, पकडलेल्या जेम्स रीड या पाइपरने यॉर्कच्या खटल्यात सांगितलं की माझ्या हातात तलवार नव्हती, नुसता बॅगपाइप होता. न्यायालयाने म्हटलं, हायलँडची कोणतीही पलटण पाइपरशिवाय कूच करत नाही, म्हणून कायद्याच्या नजरेत बॅगपाइप हे शस्त्रच आहे. १७४६ मध्ये रीडला फाशी दिलं. आणि पन्नासएक वर्षांनी त्याच राजवटीच्या फौजांत पाइपर हा हायलँड पलटणींचा अभिमान होऊन बसला होता.

तरी लष्कराच्या दफ्तरात त्याला जागा नव्हती. पाइपर हे मंजूर पद नव्हतं. अधिकारी पदरचे पैसे घालून पाइपर ठेवत किंवा हजेरीपटावर त्याला ढोलवाला म्हणून दाखवत. हुद्दा नाही, पदाचा पगार नाही. म्हणूनच त्याला पलटणीतल्या आपल्या मानावर जगावं लागे. असईनंतर ज्याने खाली मान घातली, त्याच्यापाशी गमावण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

१८०३ च्या मोहिमेची सुरुवात वसईच्या तहापासून धरतात. १८०२ च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तो तह केला आणि शिंदे-भोसले बिथरले. ८ ऑगस्ट १८०३ ला जनरल आर्थर वेलस्लीने अहमदनगरची पेठ शिड्या लावून घेतली. त्या शिड्यांवर ७८ वी पलटण पुढे होती. नंतर असई. तिथे केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंद्यांच्या तोफांनी ७४ व्या या दुसऱ्या स्कॉटिश पलटणीचा जवळजवळ विध्वंस केला. तिचे सुमारे चारशे जण पडले किंवा जखमी झाले आणि अधिकाऱ्यांपैकी जवळपास कोणीच धड उरला नाही. इंग्रजांकडचे एकूण मृत आणि जखमी पंधराशेच्या वर गेले. पुढे युरोपात नेपोलियनला हरवणाऱ्या वेलस्लीला म्हातारपणी कोणी विचारलं की तुमची सगळ्यांत चांगली लढाई कोणती, तर तो असईचं नाव घेई.

हे आकडे नजरेसमोर ठेवून त्या पाइपरचा पहिला दिवस बघायला हवा. कंपनीच्या फौजेबरोबर डोल्या वाहणारे भोई असत, पण पंधराशे माणसं पडल्यावर किती डोल्या पुरणार? काही जखमी रात्रभर तिथेच पडून राहिले. इस्पितळ पुढे अजिंठ्याला उभं केलं. हात-पाय तुटलेल्यांना तेवढा रस्ता पार करायचा होता. आपल्याच गावचा, आपलीच गेलिक बोलणारा पोरगा रक्तात पडलेला आहे आणि समोरून हुकूम आला आहे की उचला. त्याने उचललं. मी त्या हकिकतीचं कितीही वाचन केलं तरी यात लाज वाटावं असं काही मला सापडत नाही. त्याने पळ काढला नव्हता. तोफांच्या टप्प्यात जखमी माणूस पाठीवर घेऊन चालायला दोन्ही हात गुंतलेले असतात, बंदूक धरायलाही हात रिकामा नसतो. सोबत्यांना तो गुन्हा वाटला, कारण त्यांच्या मनात पाइपर हा माणूस नव्हता, निशाण होतं. निशाण मागे जाऊ नये, एवढंच त्यांना कळत होतं.

नोव्हेंबरात फौजा वऱ्हाडात आल्या. शिंद्यांशी लढाई थांबवण्याचं बोलणं झालं होतं, पण त्यांच्या घोडदळाने भोसल्यांच्या फौजेपासून दूर जावं ही अट पाळली गेली नव्हती. २९ तारखेला वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या फौजा पातुर्ड्याजवळ मिळाल्या. पातुर्डा आज बुलडाणा जिल्ह्यात आहे. तिथून त्यांना अडगावच्या बाजूला धुळीचे लोट दिसले. दिवस तापलेला होता. सकाळपासून चालून माणसं थकलेली होती, आणि ती वाट आपल्या खारपाणपट्ट्याची, जिथे विहिरीचं पाणीही तोंडात धरवत नाही. स्टीव्हन्सन इतका आजारी होता की हत्तीवर बसून त्याने आपली बाजू सांभाळली.

अकोटहून हिवरखेडच्या रस्त्याला लागलं की हे रान लागतं. उत्तरेला सातपुड्याची भिंत, तिच्यावर नरनाळा. बाकी चहूकडे काळी, सपाट, भेगाळणारी जमीन. कपाशी, तूर, हरभरा. उंचवटा म्हणून काही नाही. लपायला पिकाशिवाय आडोसा नाही. तेव्हाही कार्तिक-मार्गशीर्षाचे दिवस, उभी पिकं, मधून नाले. पलीकडे अडगावच्या पुढ्यात भोसल्यांची फौज पाच मैल पसरलेली. सरदारी रघूजी भोसल्यांचे भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्याकडे, बाजूला शिंद्यांचं घोडदळ.

शिरसोलीच्या आडून बाहेर पडून इंग्रजांची रांग लागायला सुरुवात झाली तोच समोरच्या तोफा सुटल्या. गाडे ओढणारे बैल उधळले आणि एतद्देशीय शिपायांच्या काही पलटणी, ज्या असईला मागे हटल्या नव्हत्या, फुटून पळाल्या. वेलस्ली जवळच होता म्हणून डाव बचावला. त्याने त्यांना गावाच्या आडोशाला नेऊन पुन्हा उभं केलं. मी जवळ नसतो तर दिवस हातचा गेला असता, अशा अर्थाचं त्याने पुढे लिहिलं. मन्याबापूंच्या तोफांनी केलेली ही कामगिरी आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. अडगाव म्हटलं की हार एवढंच आठवतं. पण त्या घटकाभरात वऱ्हाडचा निकाल दुसऱ्या बाजूला जाऊ शकत होता, आणि हे खुद्द जिंकणाऱ्याने लिहून ठेवलं आहे.

साडेचारच्या सुमारास रांग पुढे सरकली. इथे कर्नल अॅडम्सच्या हुकुमाचं कारण समजून घ्यायला हवं, नाही तर तो एक हट्टी साहेब वाटेल. त्या काळच्या बंदुकीचा नेम शंभर पावलांपलीकडे लागत नसे. म्हणून शिपाई दोन रांगांत खांद्याला खांदा लावून उभे करत आणि सगळ्यांनी एकदम बार काढायचा. शेकडो माणसांची ती ओळ चालताना वाकली, तुटली, तर फटींतून घोडदळ आत घुसणार आणि मग पायदळाची कत्तल. ब्रिटिश कवायतीत साध्या चालीला मिनिटाला ७५ पावलं ठरलेली होती आणि जलद चालीला १०८. ढोल ती पावलं मोजून देई. समोरून तोफगोळे येत असताना ७५ च्या गतीने चालत राहणं हेच त्या फौजेचं सगळं शिक्षण होतं. पाइपर पलटणीची नाडी वाढवतो. त्याचा सूर गतीवर गेला की पाय आपोआप गतीवर जातात. डाग धुवायला निघालेला पाइपर, मागे गेलिक बोलणारे पाच-सहाशे जवान, समोर शत्रू. रांगेचा तो तुकडा शेजारच्या पलटणींच्या पुढे निघाला असता तर त्याची उघडी बगल शिंद्यांच्या घोड्यांना मिळाली असती. अॅडम्सने थांबवलं ते बरोबरच केलं. आणि थांबवावं लागलं हेच त्या पाइपरला मिळालेलं प्रशस्तिपत्र ठरलं. स्ट्युअर्टच्या सांगण्याप्रमाणे त्याची गेलेली अब्रू काही अंशी तरी परत आली.

पुढे जे झालं ते भीषण होतं. भोसल्यांच्या बाजूने काही शेकडो परदेशी पायदळ सरळ ७४ व्या आणि ७८ व्या पलटणीवर चालून आलं. वेलस्लीने त्यांना इराणी म्हटलं आहे, इतरत्र त्यांना अरब म्हटलं आहे. ते हातघाईला आले आणि तिथेच कापले गेले. घरापासून हजारो कोस दूर आलेले ते लोक, त्यांच्यासमोर तितक्याच दूरचे हे लोक, दोघेही पगारावर, आणि रान आपलं. डाव्या बाजूला शिंद्यांच्या घोडदळाने केलेला हल्ला परतवला गेला. मग भोसल्यांची रांग मोडली. ३८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. सूर्य बुडायला थोडाच वेळ होता, पण रात्र चांदण्याची होती आणि घोडदळाने कित्येक मैल पाठलाग केला. उजेड आणखी तासभर मिळता तर कोणी सुटलं नसतं, असं वेलस्लीने लिहिलं. इंग्रजांचे मृत आणि जखमी मिळून साडेतीनशेच्या आसपास. पलीकडच्यांची मोजणी कोणी केली नाही, पण ते हजारोंत होते.

त्या दिवशी वाजवणारा तो एकटा नव्हता. मराठी फौजांत निशाण आणि नौबत एकत्र चालत. हत्तीवर, उंटावर नगारे, पायी चालणारे शिंगवाले, कर्णेवाले. नगारा वाजतो आहे तोवर सरदार उभा आहे, असं शिपाई समजत, आणि म्हणून नगाऱ्याचा हत्ती हा तोफेचा पहिला नेम. अडगावच्या मैदानात त्या लोकांतले किती गेले, ते कोणी टिपून ठेवलेलं नाही. पाइपरचं नाव नसलं तरी गोष्ट राहिली. यांची गोष्टही राहिली नाही. गावगाड्यात वाजंत्र्याला लग्नात पुढे ठेवत आणि पंगतीत शेवटी बसवत. अशा समाजात रणवाद्य वाजवणाऱ्याचं नाव बखरीत येणं कठीणच होतं. अडगाव-शिरसोलीच्या शिवारात जेव्हा केव्हा या लढाईची स्मृती जागवली जाते, तेव्हा तलवारवाल्यांबरोबर या नगारजींचंही स्मरण व्हावं असं मला मनापासून वाटतं.

अडगावनंतर सगळं भराभर घडलं. फौजा एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला पोचल्या आणि जखमींना तिथे ठेवून गाविलगडाकडे वळल्या. स्टीव्हन्सनच्या लोकांनी सातपुड्यातून नवा रस्ता पाडत, जड तोफा हाताने ओढत, किल्ल्याच्या उत्तरेला लबाडा गाव गाठलं. चिखलदऱ्याला गेलेल्याने ती दरडी-खोऱ्यांची जागा पाहिली की त्या श्रमाची कल्पना येते. १३ डिसेंबरला तोफा सुरू झाल्या, १५ ला हल्ला. ७८ वी पलटण त्या दिवशी दोन भागांत वाटली होती: पाच कंपन्या दक्षिण दरवाज्याकडे, पाच वायव्य दरवाज्याकडे. बाहेरच्या भिंतीला पडलेल्या खिंडारातून शिरणाऱ्यांचा पुढारी कर्नल केनी प्राणांतिक जखमी झाला. आतली भिंत ९४ व्या, म्हणजे स्कॉच ब्रिगेड या आणखी एका स्कॉटिश पलटणीच्या कॅप्टन कॅम्पबेलने शिड्या लावून ओलांडली आणि दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला. १७ डिसेंबरला देवगावला भोसल्यांशी तह झाला, ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांशी. दोन्ही गावं अमरावती जिल्ह्यात. वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं आणि निजामाला मिळालं. नरनाळा आणि गाविलगड तेवढे भोसल्यांकडे राहिले. या सगळ्या हालचालींत वेलस्लीच्या बरोबर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता, वय चोवीस, तोही स्कॉटिश. पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेल्या या माणसाने लढाई पहिल्यांदा पाहिली ती याच मोहिमेत.

७८ व्या पलटणीला असईबद्दल निशाणावर हत्तीचं चिन्ह मिळालं. १८८१ मध्ये ती ७२ व्या पलटणीत मिळून सीफोर्थ हायलँडर्स झाली. त्याआधी १८५७ मध्ये तिचे पाइपर लखनौच्या वेढ्यात पोचले होते. हे सगळं पलटणीच्या इतिहासात पानोपानी आहे. शिपायाच्या वाट्याला मात्र उशिरा आणि थोडं आलं. १८०३ ते १८२६ या काळातल्या हिंदुस्थानातल्या लढायांसाठी पदक दिलं गेलं १८५१ मध्ये, आणि तेही फक्त तोवर जिवंत असलेल्यांना. त्याच्या चांदीच्या पट्ट्यांवर असई, अडगाव आणि गाविलगड यांची नावं इंग्रजी वळणात कोरलेली आहेत, आणि पदकाच्या कडेवर घेणाऱ्याचं नाव. अठ्ठेचाळीस वर्षं जगून दाखवणं ही त्या पदकाची अट होती. १८५४ मध्ये ब्रिटिश लष्कराने अखेर प्रत्येक हायलँड पलटणीला एक पाइप मेजर आणि पाच पाइपर मंजूर केले.

मंजुरीनंतर पाइपरला नाव मिळू लागलं, पण कशासाठी? १८९७ च्या ऑक्टोबरमध्ये वायव्य सरहद्दीवर दरगाईच्या टेकडीवर जॉर्ज फिंडलेटर या गॉर्डन हायलँडर्सच्या पाइपरला दोन्ही पायांत गोळ्या लागल्या. तो बसून वाजवत राहिला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, वर्तमानपत्रांत चित्रं आली. लष्कर सोडल्यावर पोटासाठी तो लंडनच्या नाट्यगृहांत बॅगपाइप वाजवायला उभा राहिला, तेव्हा सरकारला ते पदकाला कमीपणा आणणारं वाटलं. पुन्हा तेच: पाइपर निशाण म्हणून हवा, माणूस म्हणून त्याची भूक नको. १९१५ मध्ये फ्रान्समध्ये लूसच्या लढाईत डॅनियल लेडलॉ खंदकाच्या काठावर चढून वाजवत होता, त्यालाही तोच क्रॉस. त्या पहिल्या महायुद्धात सुमारे अडीच हजार पाइपर लढाईवर गेले आणि त्यांतले जवळजवळ पाचशे मेले, सहाशेच्या आसपास जखमी झाले, असा हिशोब युद्धानंतर लगेच निघालेल्या पाइपरांवरच्या ग्रंथात आहे. मशीनगनपुढे उभं राहून वाजवणारा माणूस किती वेळ टिकणार? पलटणींनी पाइपरांना पुढे पाठवणं हळूहळू बंद केलं. आणि मग त्यांना काय काम दिलं? खंदकांतून जखमी उचलून आणायचं. चिखलातून, काटेरी तारांतून, कधी दहा-दहा तास. त्या कामातही पाइपर मेले, पण त्यांना कोणी हिणवलं नाही. कारण तोपर्यंत युरोपातल्या घराघरातून एक तरी जखमी परत आलेला होता, कोणीतरी उचलून आणलेला.

असईला ज्याने वाद्य खाली ठेवून जखमी उचलला, तो पाइपर आपल्या पलटणीच्या शंभर वर्षं पुढे होता, असं मी म्हणेन. त्याला स्वतःला ते कधी कळलं नसेल. अडगावला तो जिवाच्या आकांताने वाजवत होता तेव्हाही त्याला एवढंच हवं होतं की सोबत्यांनी पुन्हा आपल्याला आपलं म्हणावं. स्ट्युअर्टने ही हकिकत लिहिली ती पाइपरांचा स्वाभिमान दाखवायला. तिच्यात असईच्या रणांगणावर वाचलेल्या जखमींचा उल्लेखही नाही. या पाइपरने वाहून नेलेल्यांतला एखादा अजिंठ्याच्या इस्पितळातून उठून, पुन्हा रांगेत येऊन, अडगावच्या रानात त्याच्याच सुरावर चालला असेल का? सदुसष्ट दिवसांत बऱ्या होणाऱ्या जखमा असतात.

आपल्या सैन्यात बॅगपाइप इंग्रजांबरोबर आला आणि राहिला. सियालकोटच्या कारागिरांनी तो बनवायची कला आत्मसात केली आणि तिथून तो जगभर जाऊ लागला. भारतीय पायदळाच्या बहुतेक रेजिमेंटांची आज स्वतःची पाइप-बँड पथकं आहेत. दरवर्षी २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात त्यांतली काही एकत्र वाजवतात. संचलनात वाजवणारे हे जवान युद्ध लागलं की वाद्यं पेटीत ठेवतात आणि स्ट्रेचर उचलतात. बँडवाल्याला जखमीचं रक्त थांबवायचं आणि त्याला मागे न्यायचं शिक्षण भरतीनंतर दिलं जातं, आणि ते त्याच्या नेमलेल्या कामातच मोडतं.